डबडं निघालं घाट चढायला!

इंजिन 13 हॉर्सपॉवरचं, लांबी तीन मीटरहून कमी आणि वय पन्नाशीच्या आसपास. अशा ‘म्हातारी’ला घरच्या गॅरेजमध्ये रेसर बनवणाऱ्या इटालियन मंडळींचा हा हटके फंडा...

रेसिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? फॉर्म्युला वन, चकाचक ट्रॅक, कोट्यवधींची गाडी आणि शॅम्पेनचे फवारे. पण इटलीत एक वेगळीच जमात आहे. ही माणसं आठवडाभर नोकरी करतात, रात्री गॅरेजमध्ये हात काळे करतात आणि वीकएण्डला एका चिमुकल्या, जुन्या फियाट 500 मध्ये स्वतःला कोंबून थेट डोंगर चढायला निघतात. तेही घड्याळाशी पैज लावून!

या खेळाचं नाव हिल क्लाइम्ब. साधा सरळ मामला. बंद केलेला घाटरस्ता, एका वेळी एक गाडी, खाली स्टार्ट, वर फिनिश. ज्याला कमी वेळ लागला तो जिंकला. उत्तर इटलीतली ट्रेंटो-बोंदोने ही यातली बुजुर्ग शर्यत. 1925 मध्ये सुरू झालेली. अंतर सुमारे 17.3 किलोमीटर आणि चढ जवळजवळ 1350 मीटरचा. अशा घाटांच्या शर्यतींत मोठमोठ्या रेसिंग कार्सबरोबर इटलीत एक खास गटही उतरतो, ‘बिचिलिंद्रिके’. म्हणजे दोन सिलिंडरवाल्या गाड्या. फियाट 500 आणि तिची धाकटी बहीण फियाट 126. आवाज मात्र असा, की मोठ्यांनीही वळून बघावं!

पद्मिनीची लांबची नातलग

फियाट 500 आली 1957 मध्ये. दांते जाकोझा या इंजिनीअरने ती घडवली, स्कूटरवरून फिरणाऱ्या सामान्य इटालियन कुटुंबाला परवडावी म्हणून. ओळखीचं वाटतंय ना? फियाटच्या 1100 मालिकेच्या मुळाशीही हेच जाकोझा होते आणि त्याच मालिकेतून पुढे कुर्ल्याच्या कारखान्यात आपली प्रीमियर पद्मिनी जन्मली. 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झालेली ती काळी-पिवळी!

500 चं इंजिन मागे, हवेने थंड होणारं आणि सुरुवातीला अवघं 479 सीसीचं. सपाट रस्त्यावर ताशी 85 किलोमीटर गाठताना तिला धाप लागायची. मग घाटात हिचं काय होणार?

गणित सोपं, घाट अवघड

गाडी धरा 500 किलोची, चालक 80 किलोचा. एवढं वजन 1350 मीटर वर चढवायचंय आणि तेही 13 मिनिटांत, म्हणजे ताशी 80 किलोमीटरच्या सरासरीने. हिशेब केला तर नुसतं वजन वर उचलायलाच साधारण 13 हॉर्सपॉवर लागतात. म्हणजे मूळ इंजिनाची सगळी ताकद तिथेच खलास! वारा कापायला, वळणातून पुन्हा वेग पकडायला शिल्लक शून्य.

म्हणून उपाय दोनच. ताकद वाढवा, वजन घटवा. त्यातला दुसरा स्वस्त. मागची सीट, गालिचे, दारांची अस्तरं सगळं बाहेर. काचांच्या जागी पॉलिकार्बोनेट, बॉनेट फायबरचं. एकूण वजनातून 100 किलो गेले, की चढाला लागणारी ताकद थेट सहाव्या हिश्श्याने कमी!

ताकदीसाठी घरगुती कारागिरांची लाडकी युक्ती म्हणजे फियाट 126 चं इंजिन. 499, 594 आणि 652 सीसी या तिन्ही इंजिनांत पिस्टनचा स्ट्रोक तोच, 70 मिलिमीटरचा. फरक फक्त बोअरचा: 67.4, 73.5 आणि 77. म्हणजे घराणं एकच, नुसती छाती रुंद केलेली. त्यावर मोठा कार्ब्युरेटर, वेगळा कॅमशाफ्ट, ऑइल कूलर. आणि मागचं झाकण कायमचं अर्धवट उघडं, गरम हवा बाहेर पडावी म्हणून. कार्लो अबार्थ यांच्या साठच्या दशकातल्या गाड्यांची ही खास खूण आजही स्टाइल म्हणून मिरवली जाते.

इंजिन मागे असण्याचा चढावर मोठा फायदा. वजन मागच्या, म्हणजे फिरणाऱ्या चाकांवर पडतं आणि पकड मिळते. पण हीच गोष्ट उलटतेसुद्धा. वळणाच्या मध्यावर घाबरून अॅक्सिलरेटरवरचा पाय उचललात, की मागची बाजू गर्रकन बाहेर! एका हाताला कातळ, दुसऱ्या हाताला दरी. ट्रॅकवर असते तशी चूक पोटात घालणारी मोकळी जागा इथे नाही.

आधी केज, मग इंजिन

म्हणूनच शहाणा बिल्डर पैसे कशावर खर्च करतो, ते बघण्यासारखं असतं. खिसा रिकामा व्हायला लागला, की नवखा माणूस ब्रेकचं बजेट कापून ते इंजिनात घालतो. अनुभवी माणूस उलटं करतो. मूळ गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. ते 13 हॉर्सपॉवरला ठीक होते, रेसरला नाहीत. म्हणून पुढे डिस्क ब्रेक आले. मग रोल केज, म्हणजे माणसाभोवतीचा पोलादी पिंजरा. एखादं वेल्डिंग कच्चं राहिलं, तर वाचवायला बसवलेली नळीच घात करू शकते. त्यानंतर बकेट सीट, हार्नेस, अग्निशामक आणि बाहेरूनही दाबता येईल असा कट-ऑफ स्विच. स्पर्धेआधी तपासनीस हे सगळं बघतात. नापास झालात, तर महिनोन्‌महिन्यांची मेहनत ट्रेलरवर चढवून घरी!

आणि आपण?

आता तुमची नजर पार्किंगमधल्या बाबांच्या जुन्या मारुती 800 वर गेली असणार. 1983 मध्ये आलेली, 796 सीसीची, वजनाला हलकी. मोह होणारच! पण बॉस, जरा थांबा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाहीत आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठणकावलं. सार्वजनिक रस्त्यावर विनापरवाना शर्यत लावली, तर पहिल्याच गुन्ह्याला 5 हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आणि रविवारी सकाळी ताम्हिणीत समोरून एसटी येते, त्यातल्या चाळीस माणसांनी तुमच्या पैजेवर सही केलेली नसते.

मग हौस मारायची का? मुळीच नाही. देशातल्या मोटरस्पोर्टची अधिकृत संस्था एफएमएससीआय. तिचं लायसन्स काढा, तिची मान्यता असलेल्या ऑटोक्रॉस किंवा रॅलीत उतरा. स्पर्धेसाठी तयार केलेली गाडी तिथवर ट्रेलरवरून न्या, चालवत नाही.

सुरुवात तर याच वीकएण्डला करता येईल. मागची सीट काढा, वजन करा, ब्रेक उघडून बघा. स्वतःच्या हातांनी खोललेली गाडी माणसाला पहिल्यांदा कळते. वेगाचं नंतर बघू!