वारीचा एक दिवस आणि अभंगांच्या बाडांचा क्रम

वारकऱ्यांच्या घरोघर सांपडणारीं अभंगांचीं बाडें संग्राहकांच्या परिचयाचीं आहेत. हस्तलिखितांच्या याद्यांत त्यांची बोळवण बहुधा ‘स्फुट अभंग, अनेक कर्ते, क्रम नाहीं’ अशा त्रोटक शेऱ्यानें होते. हा शेरा पुष्कळदा चुकीचा असतो, असें आमचें मत आहे. नामदेवामागें तुकाराम, त्यामागें एकनाथ, पुनः नामदेव, अशी जी सरमिसळ दिसते ती लेखकाच्या गैरशिस्तीनें झालेली नव्हे. तो दिंडीच्या दिवसाचा क्रम आहे. हें पटण्यास आळंदीच्या पालखीबरोबर एक मजल चालून पाहावी. पुणें ते सासवड ही मजल त्यास उत्तम.

ज्येष्ठ वद्य अष्टमीस आळंदीहून प्रस्थान होतें. पुण्यांत दोन मुक्काम करून पालखी बहुधा एकादशीस सासवडची वाट धरते. अंतर सुमारें ३२ किलोमीटर, म्हणजे जुन्या हिशेबानें वीस मैल, आणि तेंही उपवासाच्या दिवशीं. ज्ञानदेव व तुकाराम यांच्या पादुका एकत्र नेण्याची प्रथा तुकारामपुत्र नारायणमहाराज यांनीं इ. स. १६८५ मध्यें घातली. ज्ञानेश्वरांची पालखी स्वतंत्र झाली ती १८३२ च्या सुमारास, हैबतबाबा आरफळकर यांच्या हस्तें. हैबतबाबा पूर्वायुष्यांत शिंद्यांच्या पदरीं होते. अंकलीकर शितोळ्यांचे घोडे, चोपदार, रथापुढें २७ दिंड्या व उरलेल्या मागें, ही सारी रचना फौजेच्या कुचाची आठवण करून देते ती उगीच नव्हे.

आतां दिवस पाहूं. पहांटे काकडा होतो. चाल सुरू झाली कीं मंगलाचरण, भूपाळ्या, मग वासुदेव, आंधळा, पांगुळ, जोगी हीं रूपकें. खरा वासुदेव पहांटेसच दारीं येतो. त्याच्या रूपकाचें स्थान त्यावरूनच ठरलें आहे. ऊन चढूं लागलें कीं गौळणी. विसाव्यानंतर त्या त्या वाराचे अभंग, आणि दिवस कलतांना हरिपाठ. हडपसरास देहूची पालखी सोलापूरच्या रस्त्यानें जाते व आळंदीची दिवे घाटाकडे वळते. वडकी मागें टाकून घाट चढूं लागल्यावर खालीं मस्तानी तलाव दिसतो. इतिहासभक्तांचा पाय तेथें थोडा रेंगाळतो. येथें रथास जादा बैलजोड्या जोडाव्या लागतात. चढावर माणसांचाही दम पुरत नाहीं; लांब चरण मागें पडून ‘ज्ञानोबा-तुकाराम’ एवढाच घोष उरतो.

सासवड हें सोपानदेवांच्या समाधीचें गांव. तळावर पोहोंचल्यावर समाजआरती. चोपदार दंड उंच करून पुकारा करतो आणि हजारों टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची कांहीं तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवीतच राहते. चोपदार तिकडे जाऊन गाऱ्हाणें ऐकतो. अर्जाची ही तऱ्हा कोणत्याही दप्तरांत नोंदलेली नाहीं, परंतु ती चुकत नाहीं.

या क्रमाशीं एखादें बाड ताडून पाहावें. भूपाळ्यांपासून हरिपाठापर्यंतचे विभाग जर ओळीनें लागले, तर तें बाड वाचनासाठीं नव्हे, चालतांना म्हणण्यासाठीं लिहिलेलें, असें मानण्यास हरकत नाहीं. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. वासकर, देहूकर इत्यादि फडांच्या परंपरेंत अभंगांची निवड व क्रम सर्वस्वीं एक नसतात. म्हणून ज्या बाडावर लेखकाचें नांव नाहीं, शक नाहीं, त्याचा फड निव्वळ क्रमावरून हुडकण्याची थोडी तरी आशा राहते. क्रम मोडला कीं ती संपली.

यास्तव बांधणी सुटलेलें बाड हातीं आल्यास पानें कर्त्यांच्या नांवांवरून लावूं नयेत. प्रथम मिळालीं तशींच त्यांवर शिसपेनीनें बारीक अंक घालावे, मग प्रहरावरून लावून पाहावीं. गाथेशीं पाठभेद जुळविण्याचें काम त्यानंतरचें. आणि बाड ज्या घरांतून आलें त्या घरचे लोक कोणत्या फडाचे, कोणत्या दिंडींत चालत, हें वृद्ध माणसें हयात आहेत तोंवर विचारून पहिल्या पानाशीं टिपून ठेवावें.