माठातला फ्रिज

मे महिन्यात दरेकशाच्या स्टेशनावर उतरलं, की जवळच्या हाजरा फॉल धबधब्याच्या आधी आठवतो तो माठ. त्याच्या भाजलेल्या मातीतून पाणी पाझरतं, वाफ होऊन उडतं आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. नुसतं 10 ग्रॅम उडालं, तरी 1 लिटर पाणी 5 अंशांनी गार होऊ शकतं! याच युक्तीनं नायजेरियाच्या मोहम्मद बाह अब्बांनी मडक्यात मडकं ठेवून, मधे ओली वाळू भरून भाजीपाल्याचा ‘फ्रिज’ केला. 2000 साली त्यांना रोलेक्स पुरस्कार मिळाला. एका खोलीच्या बिऱ्हाडातही हा फ्रिज कोपऱ्यात मावतो. पावसाळ्यात मात्र दमट हवेपुढे त्याचं काही चालत नाही. घरी करणार असाल, तर रंगवलेलं मडकं घेऊ नका. रंगानं छिद्रं बुजतात.