राजधानी भोपाळची, तोरा इंदूरचा

२० मे २०२५ रोजी मध्य प्रदेशचे मंत्रिमंडळ इंदूरच्या राजवाड्यात बैठकीला बसले. निमित्त होते अहिल्यादेवी होळकरांच्या तीनशेव्या जयंतीचे. राजधानीने एक दिवसापुरते का होईना आपल्या दारी यावे, याचे इंदूरला अप्रूप वाटले. पण प्रत्यक्ष जयंतीच्या दिवशी, ३१ मे रोजी, पंतप्रधानांच्या उपस्थितीतील मुख्य सोहळा झाला तो भोपाळला, आणि इंदूरच्या मेट्रोच्या पहिल्या टप्प्याचे उद्घाटनही त्याच व्यासपीठावरून, दूरदृश्य प्रणालीने उरकण्यात आले. अहिल्यादेवी होळकरांच्या, मेट्रो इंदूरची आणि मांडव भोपाळचा! सुमारे दोनशे किलोमीटरच्या अंतराने विभागलेल्या या दोन शहरांतील जुन्या वादाचे याहून नेमके चित्र कोणा व्यंगचित्रकारालाही सुचले नसते.

दिल्लीतील मराठी माणसाला हा वाद मुंबई-पुण्याच्या नेहमीच्या चकमकींसारखा वाटण्याचा संभव आहे. पण मुंबईकडे सत्ता आणि पैसा दोन्ही आहेत. पुण्याला त्याची भरपाई अभिमानावर करावी लागते. मध्य प्रदेशात वाटणी निराळी झाली. पैसा, उद्योग आणि लोकसंख्येतील पहिला क्रमांक (२०११च्या जनगणनेनुसार इंदूर सुमारे वीस लाख, भोपाळ अठरा लाख) इंदूरकडे राहिला, तर सही-शिक्का भोपाळकडे गेला. ही वाटणी निसर्गक्रमाने झालेली नाही. ती १ नोव्हेंबर १९५६ रोजी करण्यात आली, आणि तिची झळ आपल्या नागपूरलाही बसली.

त्याआधीचा घटनाक्रम रंजक आहे. १९४८ मध्ये शिंदे, होळकर आणि इतर संस्थाने मिळून मध्य भारत राज्य झाले, तेव्हा ग्वाल्हेर आणि इंदूर यांपैकी कोणीही माघार घेईना. शेवटी हिवाळ्यात ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर अशी राजधानी फिरती ठेवण्यात आली. भोपाळची गोष्ट वेगळीच होती. नवाब हमीदुल्ला खान यांचे संस्थान १ जून १९४९ रोजी केंद्राच्या ताब्यात आले आणि पुढे ते शंकर दयाळ शर्मा यांच्या मुख्यमंत्रिपदाखालील छोटेसे 'क' वर्ग राज्य झाले. फाजल अली यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने नव्या मध्य प्रदेशच्या राजधानीसाठी शिफारस केली होती ती जबलपूरची. ती डावलून भोपाळची निवड झाली. नवाबी काळातील मोकळ्या वास्तू, सरकारी जमिनीची मुबलकता आणि मध्यवर्ती स्थान ही कारणे त्यासाठी दिली जातात. राजकीय अर्थ असा की, ग्वाल्हेर, इंदूर आणि जबलपूर या तीन दावेदारांच्या भांडणात चौथ्याचे फावले. उच्च न्यायालय जबलपूरला, महसूल मंडळ ग्वाल्हेरला आणि लोकसेवा आयोग इंदूरला देऊन रुसवे काढण्यात आले. राजधानी झालेले भोपाळ तेव्हा जिल्ह्याचे ठाणेही नव्हते. सिहोर जिल्ह्यातून भोपाळ जिल्हा वेगळा काढला गेला तो १९७२ मध्ये, म्हणजे राजधानी होऊन सोळा वर्षांनी.

इथे दोन मराठी प्रवाह नजरेस येतात, आणि त्यांच्यातील फरक म्हणजे जणू या दोन शहरांतीलच फरक होय. इंदूरचा मराठी माणूस होळकरांच्या पदरी आला. जमिनी, वाडे, जहागिरी, दरबारी नोकऱ्या यांच्या आधाराने तो तिथे रुजला. १९१७ आणि २००१ अशी साहित्य संमेलने त्या शहरात भरली. त्याला आपण परप्रांतात आहोत असे वाटतच नाही. भोपाळचा मराठी माणूस मात्र मोठ्या प्रमाणात नागपूरच्या सचिवालयाबरोबर बदलीवर आला. राजधानी हलली तेव्हा फायली हलल्या, आणि फायलींमागोमाग कारकून, अधीक्षक, लघुलेखक आपापली बिऱ्हाडे घेऊन नव्या गावी उतरले. त्याचा पत्ता वाड्याचा नव्हता, सरकारी क्वार्टरचा होता. दिल्लीत सरोजिनी नगर किंवा रामकृष्णपुरममध्ये उमेद घालवलेल्या वाचकांना या दोन प्रकारच्या मराठीपणातील अंतर वेगळे समजावून सांगायला नको.

भोपाळच्या नव्या वस्तीची नावेच पाहा: चौऱ्याहत्तर बंगले, पंचेचाळीस बंगले, अकराशे क्वार्टर. बस थांब्यांचे क्रमांक बाजारपेठांना चिकटले आणि 'दस नंबर' हा पत्ता झाला. सार्वजनिक बांधकाम खात्याने शहराचे बारसे केल्यावर दुसरे काय होणार! इंदूरलाही एक आकडा नाव म्हणून मिरवतो, पण तो 'छप्पन दुकान'; तिथे मोजली गेली ती दुकाने. सराफ्यातील पेढ्या रात्री बंद झाल्या की त्यांच्याच ओट्यांवर खाऊगल्ली उघडते आणि मध्यरात्र उलटेपर्यंत गराडू, भुट्ट्याचा कीस आणि जिलेबी यांचा व्यवहार चालतो. जागा रिकामी ठेवणे हा इंदुरी स्वभाव नव्हे. सरकारबद्दलची त्याची वृत्तीही जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात खांडवा-इंदूर रेल्वेमार्गासाठी दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी ब्रिटिश सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले होते. सरकारकडे मागायला जाण्यापेक्षा सरकारलाच उसने देणारे हे गाव. त्याला वल्लभ भवनाच्या पायऱ्या चढणे कमीपणाचे वाटावे यात नवल नाही.

जुन्या भोपाळची रीत याच्या अगदी उलट. १८१९ ते १९२६ या काळात तिथे चार बेगमांनी लागोपाठ राज्य केले, ही गोष्ट हिंदुस्थानच्या इतिहासात दुर्मीळच. त्या दरबाराने शहराला मशिदी, शाळा, उर्दू आणि अदब दिली. दुकानांपुढच्या दगडी पटियांवर बसून रात्र-रात्र गप्पा छाटणे, हा या शहराचा खरा उद्योग, असे भोपाळी स्वतःच हसत सांगतात. इंदूरचा माणूस 'भिया' म्हणून हाक मारतो आणि लगेच कामाचे विचारतो. भोपाळी 'खाँ' म्हणतो आणि आधी बसायला सांगतो. भारत भवन १९८२ मध्ये भोपाळला झाले ते सरकारच्या पुढाकाराने, चार्ल्स कोरिया यांच्या रेखाटनातून. इंदूरची कला त्याआधीच देवळालीकर मास्तरांच्या चित्रशाळेतून बेंद्रे-हुसेन यांच्या रूपाने मुंबईला पोहोचली होती. अमीर खाँसाहेबांचे गाणे आणि सी. के. नायडूंच्या होळकर संघाने चार वेळा जिंकलेला रणजी करंडक हे इंदूरचे जुने वैभव. त्यानंतर मध्य प्रदेशला हा करंडक २०२२ पर्यंत मिळाला नाही, हे इंदूरकर आवर्जून ऐकवतात.

मतपेटीतही हे स्वभाव उतरले आहेत. १९६२ मध्ये गिरणी कामगारांच्या इंदूरने होमी दाजी या कामगार नेत्याला लोकसभेत धाडले. पुढे १९८९ मध्ये माजी केंद्रीय मंत्री प्रकाशचंद्र सेठी यांचा पराभव करून आलेल्या सुमित्रा महाजन सलग आठ वेळा निवडून आल्या आणि २०१४ ते २०१९ लोकसभेच्या अध्यक्षपदी बसल्या. चिपळूणच्या माहेरवाशिणीला सारे इंदूर 'ताई' म्हणत आले. त्याच १९८९ पासून भोपाळने सलग चार वेळा निवडून दिले ते सुशीलचंद्र वर्मा यांना, म्हणजे राज्याच्या एका माजी मुख्य सचिवांना! कारकुनांच्या शहराने आपला सर्वोच्च साहेबच प्रतिनिधी म्हणून पाठवावा, यात एक तर्कसंगती आहे. मुख्यमंत्रिपदाचा हिशेब मात्र इंदूरच्या बाजूने कधीच जुळला नाही. १९५६ पासून इंदूर शहरातून निवडून आलेला एकही आमदार त्या खुर्चीवर बसलेला नाही. भोपाळच्या गोविंदपुऱ्याचे बाबूलाल गौर २००४ मध्ये बसले, आणि २०२३च्या डिसेंबरात ती संधी इंदूरला ओलांडून शेजारच्या उज्जैनला गेली.

एवढ्यावरून भोपाळ तुपात आणि इंदूर उपाशी असा निष्कर्ष काढणे मात्र चूक ठरेल, आणि इंदूरचे पुढारी नेमकी तीच चूक लोकांच्या गळी उतरवत आले आहेत. आयआयएम आणि आयआयटी या दोन्ही संस्था इंदूरला मिळाल्या. उलट भोपाळ शहराला राजधानीपणाचा लाभ किती झाला, हे नगररचनेवरून पाहावे. २००५ सालापर्यंतच्या गरजांसाठी केलेला विकास आराखडा त्या शहराने पुढे दोन दशके ओढला. नगररचना संचालनालय ज्या गावात, त्याच गावाला नवा आराखडा मिळेना! वल्लभ भवन आणि भोपाळ ही दोन वेगळी ठिकाणे आहेत. एक दुसऱ्याच्या टेकडीवर उभे आहे, इतकाच त्यांचा संबंध.

स्वच्छतेच्या शर्यतीतही हेच दिसते. २०१७ पासून इंदूर देशात पहिले येत गेले; त्याच वर्षी भोपाळ दुसरे होते, आणि दोन्ही शहरांनी त्यावरून एकमेकांना यथेच्छ डिवचले. पण २०२५च्या अखेरीस इंदूरच्या भागीरथपुरा वस्तीत नळाचे दूषित पाणी पिऊन माणसे दगावली, तेव्हा रस्त्यावरचा कचरा उचलणारी यंत्रणा आणि रस्त्याखालची जलवाहिनी यांतील अंतर उघडे पडले. महापौर २०२२ मध्ये थेट लोकांनी निवडलेले. नगरविकास खाते इंदूरच्याच आमदाराकडे. तरी आयुक्तांना हटवण्याचा आदेश निघाला तो राज्य सरकारकडून. ज्याला लोकांनी निवडले त्याच्या हाती अधिकारी नाहीत, आणि ज्यांच्या हाती अधिकारी आहेत त्यांना या वस्तीच्या नळाचे पाणी प्यावे लागत नाही. ७४व्या घटनादुरुस्तीला तीन दशके उलटल्यावरची ही अवस्था आहे आणि ती भोपाळ महापालिकेतही तसूभर वेगळी नाही. २०२५ मध्ये दोन्ही शहरांभोवती महानगर प्रदेश आखण्याचा कायदा झाला. त्याची धुराही मुख्यमंत्र्यांकडेच ठेवण्यात आली आहे.

या स्पर्धेतील सर्वांत कटू प्रसंग मात्र निराळाच. १९८४च्या वायुदुर्घटनेनंतर युनियन कार्बाइडच्या आवारात साठून राहिलेला सुमारे ३३७ टन विषारी कचरा उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ जानेवारी २०२५च्या रात्री बारा कंटेनरांतून भोपाळबाहेर निघाला आणि इंदूरच्या उशाशी असलेल्या पीथमपूरला पोहोचला. धार जिल्ह्यातील ही औद्योगिक वसाहत इंदूरच्या अर्थकारणाचा कणा. 'भोपाळचे विष आमच्या दारात का?' हा सवाल लगोलग उठला, बंद पाळला गेला, दोन आंदोलकांनी स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. दुसरीकडे, चाळीस वर्षे त्या कचऱ्याशेजारी राहिलेल्या भोपाळच्या वस्त्यांकडून आपली सुटका झाली म्हणून आनंद करावा अशी अपेक्षा होती. पण गॅसपीडितांच्या संघटनांनीच पीथमपूरमध्ये तो जाळण्याला विरोध केला. आमच्यावर बेतले ते दुसऱ्यावर बेतू नये, असे त्यांचे म्हणणे होते. या दोन शहरांच्या भांडणात इतका समंजस आवाज क्वचितच ऐकू आला असेल, आणि तो ना इंदूरच्या पेढीवरून आला, ना वल्लभ भवनातून.

जून २०२५ अखेर तो कचरा जाळून झाला. जाळताना मिसळलेल्या चुन्यामुळे राख मूळ कचऱ्याहून अधिक भरली. ती कुठे पुरायची, हा प्रश्न भोपाळच्या सचिवालयातही सुटला नाही आणि इंदूरच्या सभांतही नाही. तो पुन्हा जबलपूरच्या उच्च न्यायालयापुढे गेला.