श्वास सोडा... थांबा

संपादकांनी पाठवलं होतं ते यंत्रावर लिहायला. पुण्यातल्या एका एमआरआय केंद्रात तीन दिवस बसलो आणि जास्त वेळ टेक्निशियनताईंच्या हातांकडेच पाहत राहिलो.

शरीरातल्या पाण्यातले हायड्रोजनचे अणुगर्भ चुंबकात दिशा धरतात, रेडिओलहरींनी ढळतात आणि सावरताना संकेत सोडतात. त्या संकेतांतून चित्र उभं करण्याच्या कामासाठी पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ चं नोबेल मिळालं. इथलं चुंबक १.५ टेस्लाचं, पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट. उणे २६९ अंशांच्या द्रव हेलियममध्ये ते गार राहतं आणि रात्रीही बंद होत नाही.

गुडघा निमूट पडून राहतो. हृदय मात्र मिनिटाला सत्तर वेळा हलतं, वर श्वासाबरोबर सरकतं. एका ठोक्यात पुरेशी माहिती मिळत नाही, म्हणून आठ-दहा ठोक्यांतली थोडी थोडी जोडून एका छेदाचं हलतं चित्र तयार होतं. त्यासाठी ठोका कुठे सुरू झाला हे यंत्राला कळायला हवं, आणि ते ईसीजीवरून कळतं.

मेख इथेच आहे. रक्तातून वीज वाहते. असं रक्त चुंबकात जोरात धावलं की स्वतःच विद्युतदाब निर्माण करतं. महाधमनीतून रक्त उसळतं त्याच सुमारास ईसीजीवर टी-लहर असते. एरवी लहान असणारी ही लहर फुगून ठोका दाखवणाऱ्या टोकाएवढी होते आणि यंत्र एका ठोक्याचे दोन मोजतं. बाहेर सुरेख दिसलेला ईसीजी टेबल आत सरकलं की बिघडतो, तो असा.

ताईंनी समोरच्या काकांच्या छातीवरचे केस काढले, कातडी घासून कोरडी केली, चार इलेक्ट्रोड लावले. टेबल आत नेलं, पडद्यावर पाहिलं, बाहेर आणलं. एक इलेक्ट्रोड बोटभर डावीकडे घेतला. पुन्हा आत. असं तीन वेळा. "चालेल म्हणून सोडलं, की पुढचा पाऊण तास वाया जातो," त्या म्हणाल्या.

चित्र घेताना श्वास रोखायचा असतो; त्याची शिकवणी त्याआधीच झाली होती. थांबा म्हटलं की माणूस छाती भरून घेतो. पण छाती दर वेळी वेगळी भरते. श्वास सोडल्यावर मात्र श्वासपटल बरंचसं त्याच जागी येतं. ताईंनी काकांच्या पोटावर तळवा ठेवला. "काका, घ्या... सोडा... आता घेऊ नका." चौथ्या खेपेला जमलं.

काकांना हार्ट अटॅक येऊन गेला होता. प्रश्न एवढाच, की बायपास करून उपयोग होईल इतका स्नायू जिवंत आहे का. गॅडोलिनियम हे चित्रातला फरक उठवणारं द्रव्य टोचल्यावर दहा मिनिटांनी तो दिसतो: निरोगी स्नायू काळा, मेलेला पांढरा. ती पांढरी कड आतल्या बाजूने किती खोल गेली आहे, यावर डॉक्टरांचा निर्णय बराचसा ठरतो. आतला मजकूर असा न कापता वाचता येतो, याचं मला अजून नवल वाटतं.

पण ज्यांना या तपासणीची सर्वांत गरज असते, त्यांनाच ती जड जाते. धाप लागणाऱ्याला उताणं झोपवत नाही. ठोके अनियमित असले की जोडलेलं चित्र फाटतं. काका आठव्या सेकंदाला खोकले. ताईंनी प्रत्येक थांबा लहान केला आणि तपासणी तासाच्या पुढे गेली. मूत्रपिंडं फार बिघडलेली असतील तर गॅडोलिनियम देताना विचार करावा लागतो. पेसमेकर असेल तर त्याचं मॉडेल शोधावं लागतं. आणि दारावरची धातूची तपासणी एकदाही चुकवून चालत नाही: जानेवारी २०१८ मध्ये मुंबईत ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन अशा खोलीत शिरलेल्या तरुणाचा जीव गेला.

शिवाय हिशेब आहे. एका हृदयाच्या वेळात दोन-तीन गुडघे होतात. इथे हृदयाला आठवड्यातून दोन सकाळी मिळतात, कारण हे काम येणाऱ्या ताई एकट्याच. नव्या मुलांना त्या शिकवतात. हात बसला की ती जास्त पगारावर दुसरीकडे जातात.

पुढच्या महिन्यात ताई आठ दिवस रजेवर आहेत. अपॉइंटमेंटच्या वहीत त्या आठवड्याची पानं मी चाळली. पाठीचे मणके, मेंदू, गुडघे, सगळं भरलेलं होतं. हृदयापुढे एकही नाव नव्हतं.