काचबिंदूचा थेंब आणि डोळ्यात बसणारे औषध

मोतीबिंदू आणि काचबिंदू ही नावे आपल्या घरांत सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात, आणि तिथेच घोटाळा होतो. मोतीबिंदू काढला की नजर परत येते. काचबिंदूने नेलेली नजर कोणत्याही शस्त्रक्रियेने परत येत नाही. डोळ्यातल्या पाण्याचा निचरा मंदावतो, बहुतेकांत आतला दाब वाढतो आणि मेंदूकडे जाणारी दृष्टीची नस हळूहळू सुकत जाते. बहुधा दुखत नाही, डोळा लालही होत नाही. आधी कडेचे दिसणे जाते. समोरची माणसे दिसत असतात, कुरआन शरीफची अक्षरे वाचता येतात, त्यामुळे दादाजानना शंकाही येत नाही.

इलाज आहे: दाब कमी करणारा थेंब, रोज आणि बहुधा आयुष्यभर. हे ‘रोज’च जड जाते. औषध घातले म्हणून जास्त दिसत नाही आणि चुकले म्हणून त्याच दिवशी कमीही दिसत नाही. मग माणूस कशाच्या भरवशावर थेंब घालत राहील? त्यात म्हातारपणी हात थरथरतो, थेंब गालावर पडतो, बाटली महिना संपण्याआधी संपते. नेमका डोळ्यात पडला तरी त्याचा बराचसा भाग पाण्यासोबत वाहून जातो किंवा नाकावाटे घशात उतरतो. डोळ्याच्या आत पोचते ते जेमतेम पाच टक्के किंवा त्याहूनही कमी.

मग औषधच डोळ्यात ठेवून दिले आणि ते आपोआप झिरपत राहिले तर? ही कल्पना नवी नाही. अलेहान्द्रो झाफारोनी यांच्या अल्झा या अमेरिकन कंपनीच्या ‘ऑक्युसर्ट’ला १९७४ मध्ये मंजुरी मिळाली. पापणीच्या आत ठेवायची ही चिमुकली चकती पायलोकार्पिन नावाचे औषध आठवडाभर थोडे थोडे सोडत असे. एरवी याच औषधाचे थेंब दिवसातून चार वेळा घालावे लागत. तरीही ऑक्युसर्ट चालली नाही. ती डोळ्यात खुपे, झोपेत निसटून पडे, महागही होती. १९७८ मध्ये टिमोलॉल आले, तेही दिवसातून दोनच थेंबांचे, आणि चकती मागे पडली.

पुढची मजल मारायला चार दशके लागली. मार्च २०२० मध्ये अमेरिकेत ‘ड्युरिस्टा’ मंजूर झाले. बायमॅटोप्रॉस्टची बारीक कांडी सुईने थेट डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात सोडतात. ती काही महिने औषध देते आणि स्वतः विरघळून जाते. पण वारंवार टोचल्यास डोळ्याच्या पारदर्शक पडद्यामागच्या पेशी कमी होण्याची भीती असल्याने मंजुरी एका डोळ्यात एकदाच देण्यापुरती होती. डिसेंबर २०२३ मध्ये ‘आयडोज टीआर’ आले. ही टायटॅनियमची नळी दोन मिलिमीटरपेक्षाही लहान. ती शस्त्रक्रियेने डोळ्याच्या आत रोवतात आणि ट्रॅव्होप्रॉस्ट दीर्घकाळ, तीन वर्षांपर्यंत, झिरपत राहावे असा तिचा हिशेब आहे. एका डोळ्याची किंमत मात्र १३,९५० डॉलर, म्हणजे अकरा-बारा लाख रुपये. एवढ्यात आपल्याकडे एका मुलीचे लग्न होते, तेही दावतीसकट.

तेव्हा तूर्त आपल्या घरांचा आधार थेंबच. मग तो तरी वाया जाऊ नये. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटे दाबून धरा, म्हणजे औषध घशात कमी उतरते. दोन वेगळे थेंब असतील तर मध्ये पाच मिनिटे जाऊ द्या. वुजू आधी करा, थेंब नंतर. घरात कुणाला दमा असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. टिमोलॉलने दमा उसळू शकतो.

आता रमजानचे. रोजा तुटेल या भीतीने कित्येक बुजुर्ग महिनाभर बाटली कपाटात ठेवून देतात. एक महिना औषध नाही म्हणजे एक महिना दाब मोकाट. हनफी असोत की आपले कोकणातले शाफई, दोन्ही मसलकांत डोळ्यातल्या थेंबाने रोजा तुटत नाही असेच सांगितले आहे. जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीनेही १९९७ च्या ठरावात थेंबाला मुभा दिली. घशात उतरलेले गिळू नये एवढीच अट. मन मानत नसेल तर वेळेची सोय आहेच. रात्री एकदाच घालायचा थेंब तरावीहनंतर, दोनदा घालायचा सेहरी आणि इफ्तारला. हा बदल डॉक्टरांना विचारून करावा, थेंब बंद मात्र करू नये.

पुढच्या तपासणीला जाताना बाटली सोबत न्या आणि डॉक्टरांसमोरच थेंब घालून दाखवा. कित्येकांचा नेम तिथेच सुधारतो. चाळिशी ओलांडलेल्या मुलालाही बरोबर घ्या. काचबिंदू घराण्यात उतरतो, त्याच्याही डोळ्याचा दाब मोजून घ्या आणि नस तपासून घ्या.