जांघ दुखते, पण दुखणे कुणाचे?

पोलीस भरतीचे दिवस जवळ आले, की भाईंदर पश्चिमेच्या सुभाषचंद्र बोस मैदानावर पहाटे पळणाऱ्या मुलामुलींची गर्दी होते. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावून गुण मिळवायचे असतात. सरावाचा जोर वाढला, की त्यांतली काही मुले जांघ धरून माझ्या दवाखान्यात येतात.

असाच एक तेवीस वर्षांचा तरुण वडिलांबरोबर आला. तीन महिने उजवी जांघ दुखत होती. हातात एमआरआयचे पाकीट होते आणि अहवालातील ‘इम्पिंजमेंट’ या शब्दाखाली कुणीतरी लाल रेघ मारली होती. वडील म्हणाले, "डॉक्टर, ऑपरेशन करायचं असेल तर आत्ताच सांगा. भरतीचं वय निघून चाललंय त्याचं."

मी पाकीट बाजूला ठेवून मुलाला टेबलावर निजायला सांगितले. जांघेच्या दुखण्यात यंत्राआधी हाताने तपासणे किती महत्त्वाचे, ते आज सांगायचे आहे.

खुब्यातला चिमटा

खुबा म्हणजे शाळेत शिकलेला ‘उखळीचा सांधा’. मांडीच्या हाडाचे गोल डोके कमरेच्या हाडातील वाटीत फिरते. वाटीच्या काठाला कूर्चेची मऊ किनार असते. काहींच्या मांडीच्या हाडावर, डोके आणि मान जोडली जातात तिथे, उंचवटा असतो. काहींच्या वाटीचा काठच थोडा पुढे आलेला असतो. अशा माणसाने गुडघा पोटाजवळ आणून पाय वळवला, की हाड काठाला अडते आणि किनार चिमटीत सापडते. हेच खुब्याचे इम्पिंजमेंट. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील डॉ. राइनहोल्ड गांझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये या चिमट्याचा आणि पुढे होणाऱ्या सांध्याच्या झिजेचा संबंध सविस्तर मांडला.

हा चिमटा असलेल्या रुग्णाची तक्रार बहुधा ठरावीक असते. उकिडवे बसताना, बैठ्या संडासात, बुटाची नाडी बांधताना किंवा लोकलमध्ये तासभर बसून उठताना जांघेत खोलवर कळ येते. कुठे दुखते असे विचारले, तर तो एका बोटाने दाखवत नाही. अंगठा मागे आणि बोटे पुढे ठेवून, खेकड्याच्या नांगीसारखा हात करून तो सगळा खुबाच पकडतो.

दहा मिनिटांची तपासणी

प्रथम रुग्णाची चाल पाहायची. तो लंगडतो का? मग त्याला खोकायला लावून जांघेत फुगवटा येतो का, म्हणजे हर्निया आहे का, ते पाहायचे. नंतर उताणे निजवून दोन्ही खुबे सर्व बाजूंनी फिरवायचे आणि डाव्या-उजव्याची तुलना करायची.

मुख्य चाचणी सोपी आहे. गुडघा वाकवून पोटाकडे न्यायचा, मग तो दुसऱ्या पायाच्या बाजूला झुकवायचा आणि पाऊल बाहेर वळवायचे. नेहमीची कळ आली तर खुब्यावर संशय घ्यायचा. मात्र खुब्याच्या इतर विकारांतही ही चाचणी दुखते. म्हणून ती दुखली म्हणजे इम्पिंजमेंटच, असे नाही. उलट ती अजिबात दुखली नाही, तर इम्पिंजमेंटची शक्यता बरीच कमी होते.

त्यानंतर दोन गुडघ्यांमध्ये मूठ ठेवून ती दाबायला सांगायचे. तेव्हा मांडीच्या आतल्या बाजूला दुखले, तर दोष बहुधा तिथल्या स्नायूंचा असतो.

आमच्या तरुणाचे असेच झाले. खुबा कसाही फिरवला तरी तो शांत होता. मूठ दाबताच मात्र कळवळला, आणि एका बोटाने स्नायूच्या उगमाची जागा दाखवली. मग मी पाकीट उघडले. हाडावर उंचवटा खरोखरच होता. पण त्याच्या दुखण्याशी त्याचा संबंध नव्हता.

फोटो म्हणजे आजार नव्हे

हे नवल नाही. काहीही तक्रार नसलेल्या अनेक माणसांच्या खुब्यात असा उंचवटा दिसतो, खेळाडूंमध्ये तर अधिकच. म्हणूनच २०१६ मध्ये इंग्लंडमधील वॉरिक येथे विविध देशांच्या तज्ज्ञांनी एकमताने ठरवले, की रुग्णाची तक्रार, तपासणीतील खुणा आणि फोटोतील दोष या तिन्ही गोष्टी जुळल्या, तरच इम्पिंजमेंट म्हणावे.

चूक उलट्या बाजूनेही होते आणि ती मी स्वतः केली आहे. मीरा रोडहून रोज चर्चगेटला जाणाऱ्या चाळिशीतील एक बाई गुडघादुखी घेऊन आल्या. गुडघ्याचा एक्स-रे चांगला आला, मी गोळ्या दिल्या. पाच महिन्यांनी त्या पुन्हा आल्या, तेव्हा कुठे मी खुबा फिरवून पाहिला. दुखणे तिथले होते. खुब्याकडे जाणाऱ्या नसांच्या शाखा गुडघ्याकडेही जातात, म्हणून खुब्याची कळ गुडघ्यात जाणवते. तेव्हापासून गुडघ्याच्या रुग्णाचा खुबाही मी पाहतो.

जांघ ही अनेक अवयवांची सामाईक वेस आहे. मुंबईकर क्रिकेटपटू सूर्यकुमार यादव याच्यावर जानेवारी २०२४ मध्ये जर्मनीत शस्त्रक्रिया झाली, ती ‘स्पोर्ट्स हर्निया’ची. तो विकार पोटाच्या खालच्या भागातील स्नायूंचा. कंबरेची दबलेली नस, मुतखडा आणि स्त्रियांमध्ये ओटीपोटाचे विकारही इथेच कळ पाठवतात.

उशीर केव्हा करू नये

पळताना जांघेतली कळ वाढत जाते आणि त्या पायावर भार सोसवत नाही, अशा वेळी मांडीच्या हाडाच्या मानेला बारीक तडा गेलेला असू शकतो. त्याच दिवशी धावणे बंद करावे. ‘दुखणे जिरवून’ पळत राहिल्यास हाड पूर्ण मोडू शकते. दहा ते सोळा वर्षांचे मूल लंगडू लागले, मग ते गुडघाच दुखतो म्हणत असले तरी, खुब्याचा एक्स-रे काढावा. पूर्वी स्टेरॉइड घेतलेल्यांना किंवा जास्त मद्यपान करणाऱ्यांना जांघ दुखू लागली, तर हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटल्याची शंका घ्यावी. कोविडनंतर २०२१ मध्ये मुंबईत असे रुग्ण आढळले होते. ताप आणि वजनातील घट यांसह खुबा दुखला, तर क्षय आणि जंतुसंसर्ग तपासावा. अंडकोशात अचानक तीव्र कळ आल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

खरोखर इम्पिंजमेंट असले, तरी लगेच शस्त्रक्रिया लागते असे नाही. उकिडवे बसणे टाळणे, खुर्ची थोडी उंच घेणे आणि नितंब व पोटाच्या स्नायूंचे व्यायाम तज्ज्ञाच्या देखरेखीखाली तीन महिने करणे, ही पहिली पायरी. ब्रिटनमध्ये ३४८ रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात व्यायाम आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया या दोन्हींनी गुण आला. शस्त्रक्रियेचा थोडा अधिक आला. पण तिचा विचार निदान पक्के झाल्यावरच करावा.

आमच्या तरुणाने धावणे थांबवून मांडीच्या स्नायूंचे व्यायाम केले आणि अकरा आठवड्यांनी तो पुन्हा मैदानावर उतरला. भरतीत काय होईल ते त्याच्या पायांवर आणि नशिबावर. पण नको ती शस्त्रक्रिया टळली. तुमची जांघ दुखत असेल, तर डॉक्टरांकडे फाइल जरूर न्या. मात्र त्यांनी ती उघडण्याआधी तुमचा खुबा फिरवून पाहिला की नाही, तेवढे लक्षात ठेवा.