आत्मप्रौढीची हद्द

नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातील काठी या गावची राजवाडी होळी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना मोरपिसांचा टोप घालून, अंगावर पांढरे ठिपके रेखून ढोलाच्या तालावर रात्रभर नाचणारे बुध्या ठाऊक असतील. परंतु सहस्र नेत्रांचे कौतुक मिळवणाऱ्या या नवसकऱ्यांना ब्रह्मचर्य पाळावे लागते, जमिनीवर निजावे लागते आणि सण सरताच तो साज उतरवावा लागतो, हे फार थोडे जाणतात. आपल्याकडे लोकांनी पाहावे ही मनुष्यमात्राची इच्छा या परंपरेने मान्य केली आणि तिला व्रताची अट व मुदतीची हद्द घालून दिली, असे मला वाटते.

ही हद्द सुटली म्हणजे जी वृत्ती बळावते, तिला मानसशास्त्र नार्सिसिझम म्हणते. फ्रॉइडने 1914 साली तिच्यावर निबंध लिहिला आणि 1980 साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संहितेत तिच्या तीव्र रूपाची स्वतंत्र विकार म्हणून नोंद झाली. आज त्या संहितेत स्तुतीची हाव, खास वागणुकीवर हक्क, इतरांचा स्वार्थासाठी वापर, परदुःखाविषयी अनास्था अशी नऊ लक्षणे असून निदानास किमान पाच दीर्घकाळ दिसावी लागतात. म्हणून प्रत्येक बढाईखोरास रोगी ठरविणे अन्यायाचे होय. उलट, वरून संकोची परंतु अल्पशा टीकेनेही घायाळ होणारा मनुष्यही याच वृत्तीने ग्रासलेला असू शकतो.

तिचे एक मूळ बालपणी सापडते. नेदरलँड्समधील 565 मुलांच्या 2015 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, आपले मूल इतरांहून श्रेष्ठ आहे असे मानणाऱ्या आईबापांच्या मुलांत ही वृत्ती वाढते, तर मायेच्या उबेने निकोप आत्मसन्मान वाढतो.

दुसऱ्याची स्तुती ऐकताना आणि स्वतःची चूक कोणी दाखविली असता आपल्या मनात काय उठते, हे ज्याने त्याने प्रामाणिकपणे तपासावे. घरातील वा कचेरीतील ही वृत्ती असलेल्या व्यक्तीशी तिच्या स्वभावावर वाद न घालता खटकलेल्या विशिष्ट कृतीबद्दल शांतपणे बोलावे, आपली मर्यादा स्पष्ट सांगून ती पाळावी, खोटी स्तुती व अपमान दोन्ही टाळावेत. मात्र धाकदपटशा वा मारहाण होत असेल, तर समजुतीचे प्रयत्न बाजूस ठेवून आधी सुरक्षितता पाहावी आणि मदत मागावी. मानसोपचाराने यात पालट होऊ शकतो, पण तो सावकाश होतो. तेव्हा वाचकहो, मुलांचे कौतुक अवश्य करा, आणि त्याबरोबरच दुसऱ्याचे कौतुक मनापासून करण्याची सवयही त्यांना लावा.